ताटलीतलं पाणी गोठलं नव्हतं: बियास कुंडाच्या वाटेवरचा एक दिवस

पार्श्वभूमी

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोव्यातल्या फोंडा, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतली आम्ही नऊ माणसं मनालीच्या वर, बियास कुंडाच्या वाटेवर होतो. त्या दिवशी जे घडलं ते सगळ्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं गाळली आहेत आणि नेमका उतार ओळखू येईल असे तपशीलही काढून टाकले आहेत. मी गटाची उपप्रमुख होते, रांगेच्या शेवटी चालत होते. पुढे ज्या चुका येतील, त्यांतल्या काही माझ्या आहेत.

आमचा गट सह्याद्रीत मुरलेला. चोर्ला, सुर्ला, वाघेरी, दूधसागरच्या वरचं रान, सगळं पायाखालचं. पावसाळ्यात आमची एक शिस्त कडक असते. घाटमाथ्यावर काळं भरून आलं की खाली लख्ख ऊन असलं तरी व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, प्रत्येक माणूस बाहेर. पाणी वर पडतं आणि खाली येतं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. बर्फाच्या बाबतीत मात्र आमचं ज्ञान फारच तोकडं होतं. गटप्रमुख सर आणि आणखी एक जण, एवढ्या दोघांनीच गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम केला होता. बाकीच्यांचा बर्फाशी संबंध मनालीजवळच्या सोलांगला फोटो काढण्यापुरता.

बेत साधा होता. सोलांगहून धुंदी, तिथून बकरथाच इथे तंबू. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून मुख्य वाट सोडायची, बाजूच्या एका दांडावर चढून बर्फावर चालण्याचा अनुभव घ्यायचा आणि परत यायचं. धुंदी म्हणजे अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडाजवळची जागा. बर्फ आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणाऱ्या, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेच्या संस्थेचं निरीक्षण केंद्र तिथेच आहे. पूर्वी तिला सासे म्हणत, २०२० पासून ती डीजीआरई झाली. आम्ही त्या भागातून जीपने गेलो, पण इशारापत्रक पाहावं, कोणाला काही विचारावं, हे नऊ जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. फोनवर मनालीचं हवामान पाहिलं होतं. तिथे सूर्याचं चित्र होतं. मनाली दोन हजार मीटरवर आणि आमचा उतार साडेतीन हजारांच्या वर, एवढा फरक त्या चित्रात दिसत नाही.

निघण्याआधी फोंड्याला झालेल्या बैठकीत हिमस्खलनाचा विषय निघाला होता, नाही असं नाही. पण बोलणं लगेच सियाचीनवर गेलं. ३ फेब्रुवारी २०१६ ला तिथे गाडल्या गेलेल्या दहा जवानांपैकी लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला गेले. ते आमच्या घाटापलीकडच्या धारवाड जिल्ह्यातले, त्यामुळे ती बातमी आमच्याकडे घरच्यासारखी वाचली गेली होती. त्यातून मनात ठसलं ते असं, की हिमस्खलन म्हणजे कडाक्याची थंडी, उणे तापमान, सैनिकांची चौकी. मे महिना, ऊन, सुट्टीतली माणसं यांचा त्याच्याशी काही संबंध असेल असं कोणाला वाटलं नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर दुपारच्या सुमारास बर्फ आला आणि ७ पर्यटक गेले. ही घटना मी आता प्रत्येक बैठकीत सांगते.

अडचण

पहिली अडचण बर्फाच्या आधीची आहे. आमच्या बेतात राखीव दिवस एकच होता. पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या वादळी हवेमुळे, सलग दोन दिवस बर्फ पडला, आम्ही सोलांगला अडकलो आणि तो दिवस गेला. निजामुद्दीनहून वास्कोला जाणाऱ्या गोवा एक्सप्रेसची नऊ तिकिटं पक्की होती. म्हणजे दांडावर जायचं तर एकच सकाळ हातात होती, आणि ती सकाळ दोन दिवसांच्या बर्फानंतरची पहिली उन्हाची होती.

त्या वेळी आम्हाला तो योग वाटला. आकाश निवळलं, ऊन पडलं, आता काय हवं? माहीतगार माणूस नेमका इथेच सावध होतो. नव्या बर्फाचा जाड थर जुन्या थरावर नुसता बसलेला असतो. त्यावर पहिलं जोरदार ऊन पडलं की वरचा बर्फ वितळायला लागतो, पाणी आत झिरपतं आणि बर्फाचे कण एकमेकांना धरून असतात ती पकड सुटते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर एवढं पुरतं. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा टिकून राहतो, त्याहून उभ्या जागी तो आधीच थोडा थोडा झडून गेलेला असतो. मधला पट्टा वाईट, आणि चालायला सोयीचा वाटणारा चढ बहुतेक वेळा त्याच पट्ट्यात येतो.

वसंतातल्या बर्फावर चालण्याचं सगळं गणित रात्रीवर अवलंबून असतं. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि त्याच्यावर कडक कवच धरतं. हवेचं तापमान शून्याच्या जरा वर असलं तरीही असं होऊ शकतं. हे कवच माणसाचं वजन पेलतं, खालचा थर बांधून ठेवतं. पहाटे निघून ऊन तापायच्या आत परतायचं, ते या कवचाच्या भरवशावर. पण रात्री ढग असतील तर ते गोधडीसारखं काम करतात. उष्णता बाहेर जात नाही, कवच धरत नाही आणि कालचा ओला बर्फ सकाळीही ओलाच राहतो. अशा दिवशी पहाटे तीनला निघालं काय आणि सातला निघालं काय, भरवसा ठेवावा असा बर्फ मुळात तयारच झालेला नसतो.

आमच्या तळावर त्या रात्री ढग होते. मध्यरात्री मी बाहेर आले तेव्हा एकही तारा दिसला नव्हता. सकाळी सहाला ढग पांगले.

गटातली सर्वांत लहान मुलगी, आम्ही तिला बायच म्हणतो, चहासाठी बाहेर आली. स्वयंपाकाच्या तंबूबाहेर रात्री खरकटी ताटली राहिली होती, तिच्यात बोटभर पाणी होतं. बायने ताटली उचलली, तिरपी केली आणि म्हणाली, "ताई, पाणी गोठलंच नाही गो." पाणी नुसतं हललं. कडेला सायीएवढाही बर्फ नव्हता. आदल्या मुक्कामी, सोलांगला, याच ताटलीत तिने बर्फाची चकती मोडून दाखवली होती.

मी म्हटलं, "बरं झालं, आज थंडी कमी आहे." आणि आम्ही हसलो.

हे वाक्य मी पुढे कितीदा आठवलं ते सांगता येणार नाही. गोव्याच्या माणसाला थंडी कमी होणं ही चांगलीच बातमी वाटते. त्या ताटलीत दिवसाचा सगळा अंदाज होता. एका मुलीने तो माझ्या हातात आणून दिला आणि मी परत केला.

त्यात उशीर. स्थानिक वाटाड्याने आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं की निघायचंच असेल तर तीनला निघा. आम्ही चारवर तडजोड केली. ओले बूट, न पेटणारा स्टोव्ह, एकाचं डोकं दुखणं यात ६.४० झाले. पूर्वेकडच्या उतारावर तोवर ऊन येऊन बसलं होतं.

समोरचे पर्याय

९.२० ला आम्ही दांडाच्या पोटात पोचलो. समोर पूर्वेकडे तोंड असलेला उतार, साधारण ३५ अंशांचा, शंभरेक मीटर आडवा ओलांडायचा. वर काळे खडक, खाली अरुंद नाला. बूट नडगीपर्यंत आत जात होते. खडकांच्या बुडातून लाडवाएवढे बर्फाचे गोळे सुटत, घरंगळताना मोठे होत आणि मागे चाकासारखा माग सोडत. आम्ही त्यांचे व्हिडिओ काढले. हे गोळे म्हणजे उतार देत असलेली सूचना, हे आज कळतं.

वाटाड्या थांबला. सरांना म्हणाला, "सरजी, रात को बर्फ जमा नहीं है. मर्जी आपकी." त्याचा चेहरा मी शेवटून पाहिला नाही, पण "मर्जी आपकी" ऐकलं. पैसे देणाऱ्या पाहुण्याला स्थानिक माणूस याहून स्पष्ट नकार क्वचितच देतो.

दहा मिनिटं बोलणं झालं. एक पर्याय, एकेकाने अंतर ठेवून ओलांडायचं. दुसरा, खाली उतरून नाल्याच्या कडेने दगडधोंड्यांतून जायचं. पण वरून जे सुटेल ते तिथेच येऊन साचणार, हे काकांनी लगेच ओळखलं. वीज खात्यातून निवृत्त झालेले आमचे काका म्हणाले, "हा व्हाळच झाला की. पावसात आपण व्हाळात उभं राहतो काय?" तिसरा, दुपारनंतर उतार सावलीत जाईपर्यंत थांबायचं. त्याला अंधार पडला असता, शिवाय सावली आली म्हणून भिजलेला बर्फ तासाभरात घट्ट होत नाही. चौथा, परत फिरायचं.

चौथा पर्याय काकांनी मांडला. कोणी विरोध केला नाही आणि कोणी उचलूनही धरला नाही. गाडीचा कोणी उच्चारही केला नाही, पण ती प्रत्येकाच्या डोक्यात होती. गोव्याहून दोन हजार किलोमीटर येऊन, दोन दिवस तंबूत बसून, शंभर मीटरसाठी परतायचं? सर म्हणाले, "एकेकाने जाऊया. झटपट." मला पटलं नव्हतं. मी गप्प राहिले, कारण रांगेच्या शेवटी असलेल्या माणसाने पुढच्यांचा उत्साह मोडू नये असं मला वाटलं.

काय केलं

आधी वाटाड्या गेला, मग सर. दोघंही सुखरूप पलीकडच्या खडकाळ धारेवर पोचले. इथे एक चूक झाली, जी तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही. बर्फाचा सर्वाधिक अनुभव असलेली दोन्ही माणसं एका बाजूला आणि आठ जण दुसऱ्या बाजूला.

तिसरा डिचोलीचा दादा. तो निम्म्यावर असताना वरच्या एका काळ्या खडकाखाली बर्फ सुटला. सुरुवात एका घमेल्याएवढी. खाली येता येता तो पंख्यासारखा रुंद झाला. कडकडाट झाला नाही. घमेल्यातून ओलं काँक्रीट ओतावं तसा जड, घासत येणारा आवाज होता. वेगही फार नव्हता, माणूस जोरात धावेल एवढाच. पण नडगीभर बर्फात रुतलेल्या माणसाला धावायचं कुठे? लोंढ्याची कड दादाच्या पायांना लागली, तो बसला, मग आडवा झाला आणि चाळीसेक मीटर खाली गेला. नाल्याच्या थोडं वर एक सपाट टप्पा होता, तिथे अडकला. कंबरेपर्यंत गाडलेला, हात मोकळे, तोंड बाहेर. ओरडत होता, ते ऐकून जीव भांड्यात पडला.

चौघं एकदम धावले. मी ओरडून त्यांना थांबवलं. वरचा उतार अजून तसाच लटकत होता. काकांना आणि दुसऱ्या प्रशिक्षित मुलाला खाली पाठवलं, नंतर आणखी एकाला. बायला आणि डोकं दुखत असलेल्या गड्याला मागे खडकाच्या आडोशाला बसवलं. मी वर नजर ठेवून उभी राहिले. काही सुटलं की शिट्टी, शिट्टी ऐकली की सगळ्यांनी दादाला सोडून डाव्या खडकाकडे पळायचं, असं ठरवलं. "दादाला सोडून" हे शब्द त्याच्या कानावर पडतील एवढ्या मोठ्याने बोलावे लागले.

मग फावड्याची आठवण झाली. फावडं होतं, एक. ते तळावर होतं, शौचाचा खड्डा खणायला आणलेलं. इथे हाताशी एक स्टीलची ताटली, डब्यांची दोन झाकणं आणि हात. नुकताच पडलेला कोरडा बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो. घसरून साचलेला ओला बर्फ त्याच्या पाचपट सहज असतो, आणि थांबताक्षणी तो घट्ट आवळला जातो. झाकणाच्या कडा वाकल्या. काकांच्या नखांतून रक्त आलं. कंबरेपर्यंत अडकलेला, शुद्धीवर असलेला, स्वतः मदत करणारा माणूस सोडवायला २५ मिनिटं लागली.

हा आकडा नीट समजून घ्यावा अशी मी विनंती करते. पूर्ण गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर तो वाचण्याची शक्यता बरीच चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते आणि साधारण ३५ मिनिटांवर तिघांतला एकच उरतो. दादाचं डोकं आत गेलं असतं तर आधी तो कुठे आहे हे शोधावं लागलं असतं. आमच्याकडे ना ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्या माणसाची जागा दाखवणारं रेडिओ यंत्र, ना टोचून पाहायची प्रोबची काठी.

पलीकडून सर हाका मारत होते. त्यांना त्याच उतारावरून परत येऊन मदतीला लागायचं होतं. वाटाड्याने त्यांचा दंड धरला होता. मी ओरडले, "सर, थांबा! येऊ नका!" ज्यांनी मला दोर बांधायला शिकवला त्यांना असं सांगायला मला फार जड गेलं. ते थांबले. ११.१० ला, दादाला आम्ही खडकापर्यंत ओढून आणल्यावर, त्याच रेषेत दुसरा लोंढा आला. पहिल्यापेक्षा दुप्पट रुंद. सरांच्या पाऊलखुणा पुसून थेट नाल्यात गेला.

परिणाम

वाटाड्याने सरांना खडकाळ धारेने वर नेऊन लांबच्या वळणाने खाली आणलं. ते साडेपाचला तळावर पोचले. दादाला आम्ही जॅकेटं आणि काठ्यांची झोळी करून आणलं. दुसऱ्या दिवशी चार स्थानिक तरुणांनी त्याला धुंदीपर्यंत उतरवलं. उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. शस्त्रक्रिया गोव्यात झाली आणि आठ महिन्यांनी तो पुन्हा डोंगरात आला, तोही आधी वाघेरीला, काठी घेऊन.

गाडी अर्थातच चुकली. जी गाठण्यासाठी हे सगळं केलं ती गाडी.

पुन्हा तीच सकाळ आली तर

घरी आल्यावर तीन बैठका झाल्या. पहिलीत फक्त रडणं आणि एकमेकांची समजूत काढणं झालं, तेही गरजेचं होतं. नंतर आम्ही वहीत निर्णयाच्या जागा मांडल्या. उतारावरची दहा मिनिटं मोठी वाटतात, पण माझ्या मते तोवर उशीर झालेला होता. नऊ दमलेली माणसं, समोर ध्येय, मागे तिकीट, असं असताना योग्य निर्णय व्हावा ही अपेक्षाच जास्तीची. खरा निर्णय सकाळी सहाला ताटलीपाशी व्हायला हवा होता.

म्हणून आता आमच्याकडे रात्री ताटली मुद्दाम बाहेर ठेवतात. पहाटे सर्वांत लहान सदस्य ती पाहतो आणि बर्फात काठी रोवून कवच किती पेलतं ते सांगतो. पाणी गोठलेलं असलं म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही. पण ताटली गोठलेली नसेल आणि काठी सरळ आत जात असेल, तर त्या दिवशी ३० अंशांवरच्या उताराखाली किंवा उतारावर कोणी जात नाही, आणि यावर चर्चा करायची नाही असं ठरलं आहे. काठी उतारावर वरून खाली अशी ठेवून तिच्यावर फोन टेकवला की कोन कळतो. घोट्यापर्यंत पाय जायला लागले की परत फिरायचं. गुडघ्यापर्यंत जाऊ लागल्यावर फिरणं म्हणजे उशीर. कोणता उतार कोणत्या वेळी उन्हात येतो हे आदल्या दिवशी कागदावर लिहायचं. पूर्वेकडचा आधी, मग दक्षिणेकडचा, दुपारी पश्चिमेकडचा.

"एकेकाने जाऊया" या शब्दांबद्दल थोडं. एकेकाने गेल्यामुळे आमचा एकच माणूस लोंढ्यात सापडला, हे खरं, आणि ओलांडायचंच असेल तर तसंच ओलांडावं. पण त्याने बर्फ सुटण्याचा धोका कमी झाला नव्हता. सापडणाऱ्यांची संख्या तेवढी कमी झाली. त्या क्षणी मात्र आम्हाला ती धोक्यावरची तोड वाटली आणि त्या समाधानात आम्ही चौथा पर्याय सोडला.

अनुभवी दोघांपैकी एक जण आता शेवटपर्यंत अलीकडे थांबतो. हिमरेषेच्या वर प्रत्येकाच्या पाठीवर फावडं आणि प्रोब असते. ट्रान्सीव्हर महाग आहेत. आम्ही ते भाड्याने मिळाले तरच बर्फाच्या उतारांवर जातो, नाहीतर दरीतली सपाट वाट धरतो. ते वापरायचे कसे याचा सराव मिरामारच्या वाळूत करतो. वाळूत एक पिशवी पुरायची, घड्याळ लावायचं. पहिल्या सरावाला आम्हाला १९ मिनिटं लागली.

वाटाड्याने स्पष्ट "नाही" म्हणायला हवं होतं का, यावर गटात अजून एकमत नाही. दादा म्हणतो, हो. मला वाटतं, त्याने सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. आता निघतानाच आम्ही वाटाड्याला सर्वांसमोर सांगतो, की तुम्ही परत फिरा म्हणालात तर पूर्ण पैसे मिळतील. गेल्या वेळी हे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी दोनदा खात्री करून घेतली.

राखीव दिवस एकाचे तीन केले आहेत. त्याची किंमत मोजावी लागते. एवढी रजा मिळत नाही म्हणून गटातले तिघं आता हिमालयात येत नाहीत, आणि त्यांत सरही आहेत. पुढच्या मे महिन्यात आम्ही सहाच जण जातो आहोत.